काखेतल्या फक्त ३ गाठी तपासून कॅन्सर पसरला की नाही हे कसं कळतं? सेंटिनल नोड बायोप्सी सोप्या भाषेत

एरवी मी इथे फोन, ॲप्स आणि सेटिंग्जबद्दल लिहितो. आजचा विषय हॉस्पिटलचा आहे, पण त्यात टेक्नॉलॉजी भरपूर आहे.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या फॅमिली ग्रुपवर मावशीच्या रिपोर्टचा फोटो आला. मावशी तासगावची, घरची द्राक्षबाग. स्तनात छोटी गाठ लागली, लवकर सापडली, मिरजेत ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये एक ओळ होती : सेंटिनल नोड, ०/३. साताऱ्याहून मामांचा लगेच मेसेज आला, "तीनच गाठी तपासल्या? शेजारच्या काकूंच्या तर अठरा काढल्या होत्या. बाकीच्यांत असलं तर? परत ऑपरेशन करायला सांगा." मग ग्रुपवर दोन दिवस नुसता गोंधळ. मावशीने फोन ठेवूनच दिला.

घरातला "कॉम्प्युटरवाला" मी, त्यामुळे सगळ्यांनी मला विचारलं. मला काही येत नव्हतं. वाचलं, मग मावशीच्या डॉक्टरांना भेटून विचारलं. ते सगळं इथे लिहितोय.

तीनच का?

पायाला जखम झाली, पिकली, की जांघेत गाठ येते. आपल्याकडे त्याला अवधान आलं म्हणतात. जखम पायाला आणि गाठ जांघेत, कारण शरीरात रक्तवाहिन्यांसारखंच लसिकेचं वेगळं जाळं असतं आणि त्या जाळ्यावर ठिकठिकाणी लसिका ग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड असतात. पायाकडून येणारी लसिका आधी जांघेतल्या नोडमध्ये गाळली जाते. स्तनाकडून येणारी बहुतेक लसिका काखेत जाते. काखेत असे साधारण २० ते ३० नोड असतात.

आता मुद्दा असा की लसिका या सगळ्या नोडमध्ये एकदम शिरत नाही. आधी एक-दोन-तीन नोड लागतात, मग पुढचे. तुमच्या घरातून निघालेला डेटा आधी घरच्या राउटरला लागतो आणि मगच बाहेर जातो, तसंच. या पहिल्या नोडना सेंटिनल म्हणजे पहारेकरी म्हणतात. कॅन्सरच्या पेशी निघाल्या असतील तर आधी इथे सापडायची शक्यता सगळ्यात जास्त. इथे नसतील तर पुढच्या नोडमध्ये असण्याची शक्यता खूप कमी.

म्हणजे मावशीच्या तीन गाठी कुठल्याही तीन नव्हत्या, शोधून काढलेल्या होत्या. मामांना हेच कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

पण पहिला नोड शोधतात कसा?

मला सगळ्यात भारी वाटला तो हा भाग. नोड राजमा-घेवड्याच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान, तोही चरबीत लपलेला. डोळ्यांनी "हाच पहिला" असं ओळखता येत नाही. मग स्तनात काहीतरी टोचायचं आणि ते वाहत कुठे पोचतं ते बघायचं.

एक पद्धत निळ्या रंगाची. भूल दिल्यावर रंग टोचतात, काही मिनिटं चोळतात आणि काखेत निळी झालेली गाठ शोधतात. दुसऱ्या दिवशी लघवी निळी-हिरवी होते. मावशी त्याने जाम घाबरली होती, कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

दुसरी पद्धत टेक्निशियम-९९एम या किरणोत्सारी पदार्थाची, डोस अगदी कमी. सर्जनच्या हातात पेनसारखा गॅमा प्रोब असतो. तो नोडजवळ नेला की बीप-बीप वाढते. सगळ्यात जास्त मोजणी देणारा नोड काढतात, आणि उरलेल्या जागेची मोजणी त्याच्या १० टक्क्यांच्या खाली येईपर्यंत शोधत राहतात.

तिसरी पद्धत आयसीजी नावाच्या हिरव्या रंगाची. टीव्हीचा रिमोट फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये जांभळट ठिपका दिसतो, जो डोळ्यांना दिसत नाही. तो इन्फ्रारेड प्रकाश. आयसीजीवर विशिष्ट प्रकाश टाकला की तोही इन्फ्रारेडमध्ये चमकतो, आणि खास कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर लसिकेची वाट लाइव्ह दिसते. आयोडीनची ॲलर्जी असेल तर मात्र आधी सांगायचं.

मुंबईत सोपं, मिरजेत अवघड?

टेक्निशियमची एक अडचण आहे. दर ६ तासांनी ते निम्मं होतं. समजा मुंबईहून डोस गाडीने निघाला आणि ६ तासांत कराडला पोचला, तर तिथे निम्माच जिवंत. मिरजेपर्यंत आणखी २ तास धरले तर सुमारे ४० टक्के. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ढकललं तर २४ तासांनी फक्त सोळावा हिस्सा. म्हणून ते जवळपास तयार करावं लागतं, न्यूक्लिअर मेडिसिन विभाग लागतो. तो प्रत्येक गावात नसतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वाणी परमार, डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न घेतला. काखेत एका ठरावीक नसेच्या खालच्या भागातले नोड चरबीसकट काढायचे, ना प्रोब ना रंग. याला लो ॲक्झिलरी सॅम्पलिंग म्हणतात. २०१३ मध्ये त्यांनी सेंटिनल नोडशी केलेली तुलना छापली आणि दोन्हींची चुकण्याची शक्यता जवळपास सारखीच निघाली. आपल्यासारख्या जिल्ह्यांसाठी मला हे काम नव्या मशीनपेक्षा मोठं वाटतं.

चूक होऊच शकत नाही का?

होऊ शकते. अमेरिकेतल्या एनएसएबीपी बी-३२ या अभ्यासात ५,६११ स्त्रिया होत्या. ज्यांच्या काखेत खरंच कॅन्सर होता अशा १०० पैकी सुमारे १० जणींमध्ये सेंटिनल नोड स्वच्छ निघाला. तरीही २०१० मध्ये निकाल आला तेव्हा सगळे नोड काढलेल्या आणि न काढलेल्या गटांत जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. ऑपरेशननंतरची औषधं आणि रेडिएशनही काम करतातच. एकच नोड काढला तर चुकायची शक्यता जास्त, दोन-तीन काढले की ती उतरते.

मग सगळेच काढून टाकले तर काय बिघडतं? हात बिघडतो. सगळे नोड काढल्यावर साधारण पाचातल्या एकीचा हात कायमचा सुजतो, सेंटिनल पद्धतीत १०० मध्ये ५-६ जणींचा. शेजारच्या काकू आज भरलेली घागर उचलत नाहीत, हे मामांना माहीत होतं. कारण माहीत नव्हतं. मावशीला द्राक्षाची विरळणी तासन्‌तास हात वर करून करावी लागते.

रिपोर्टमध्ये काय बघायचं?

०/३ म्हणजे तीन तपासले, शून्यात कॅन्सर. "पीएन झिरो"पुढे कंसात "एसएन" असेल तर ते सेंटिनल पद्धतीवरून ठरवलंय. आमच्या फोटोत ती कडाच कापली गेली होती, म्हणून रिपोर्टचा फोटो नको, पूर्ण पीडीएफ मागा. मायक्रोमेटास्टॅसिस म्हणजे ०.२ मिमीपेक्षा मोठा पण २ मिमीपर्यंतचा ठिपका. ऑपरेशन चालू असताना दिलेला फ्रोझन रिपोर्ट आणि काही दिवसांनी येणारा अंतिम रिपोर्ट कधीकधी जुळत नाहीत, अंतिम तोच धरतात.

नोड पॉझिटिव्ह आला तरी सगळे काढायलाच हवेत असं आता नाही. २०११ च्या झेड-००११ अभ्यासात एक-दोन नोड पॉझिटिव्ह असलेल्या, फक्त गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या स्त्रियांना बाकीचे नोड न काढताही तोटा झाला नाही. इटलीच्या पुढाकाराने झालेल्या, २०२३ मध्ये आलेल्या साउंड अभ्यासात तर २ सेंमीपर्यंतच्या गाठी आणि काखेची स्वच्छ सोनोग्राफी असलेल्यांमध्ये सेंटिनल बायोप्सीही वगळून पाहिली, निकाल तितकेच चांगले. पण हे सगळं सुरुवातीच्या कॅन्सरचं. काखेत गाठ हाताला लागत असेल आणि सुईच्या तपासणीत कॅन्सर निघाला असेल तर हिशोब वेगळा.

मावशीच्या डॉक्टरांना मी तीन प्रश्न विचारले : कोणत्या पद्धतीने शोधले, किती मिळाले, आणि पॉझिटिव्ह आले असते तर काय करणार होता? त्यांनी कागदावर काख काढून दाखवली. तो कागद मी ग्रुपवर टाकला. मामांनी बराच वेळ काही लिहिलं नाही, मग विचारलं, "रेडिएशनला मिरजेला रोज कोण नेणार? मी येऊन राहू का?"