थंडी आणि डिझेलचे यंत्र

पौष महिन्यातील पहाट. हिंगणघाटच्या कापूसबाजाराकडे निघावयाचा मालट्रक रात्रभर उघड्यावर उभा आहे. चालक कांबळे पांघरून येतो, किल्ली फिरवतो; यंत्र दोनदा घरघर करून थांबते, तिसऱ्या खेपेस चालू होते आणि मागच्या नळीतून पांढऱ्या धुराचा लोट बाहेर पडतो. थोड्या वेळाने धूर विरतो, यंत्राचा आवाज एकसारखा लागतो आणि गाडी मार्गस्थ होते. वर्धा जिल्ह्यात डिझेलच्या यंत्राला थंडीचा जो काही त्रास होतो तो एवढाच. उन्हाळ्यात जेथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथे यंत्र थंड कसे ठेवावे हीच चिंता; ते उबदार कसे ठेवावे, हा प्रश्न तेथे कोणास सुचत नाही. तथापि या यंत्राचा इतिहास पाहू गेल्यास थंडीशी त्याचे वैर जन्मापासूनचे आहे असे दिसून येते. आणि हे वैर शमविण्यासाठी माणसांनी केलेले उपाय मोठे बोधप्रद आहेत.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञास त्याच्या कल्पनेचे पेटंट १८९३ साली मिळाले आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याच्या यंत्राची यशस्वी कसोटी झाली. पेट्रोलच्या यंत्रात विजेची ठिणगी पाडून इंधन पेटवितात. डिझेलच्या यंत्रात ठिणगी नाही. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप हाताला गरम लागतो, हा अनुभव घरोघरी आहे. डिझेलने याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. दट्ट्याने हवा तिच्या मूळ आकारमानाच्या पंधराव्या किंवा विसाव्या हिश्शाइतकी दाबली म्हणजे ती पाचशे अंशांहूनही अधिक तापते, आणि तीत तेलाचा बारीक फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो.

या युक्तीतच यंत्राचे मर्मस्थान आहे. सिलिंडरचे लोखंड गारठलेले असले तर दाबलेल्या हवेची उष्णता ते शोषून घेते. वंगणाचे तेल दाट होऊन दट्ट्याची गती मंदावते. बॅटरीचीही शक्ती थंडीने क्षीण होते. म्हणजे ज्या वेळी यंत्र जोराने फिरविण्याची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच वेळी ते फिरविणारे बळ उणे पडते. वर्ध्याच्या मालट्रकमागे दिसणारा पांढरा धूर म्हणजे न पेटता बाहेर पडलेले तेलच होय.

सुरुवातीच्या यंत्रांवरचा उपाय अगदी साधा होता. अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रज कल्पकाच्या यंत्राला लोखंडाचा एक पोकळ गोळा जोडलेला असे. तो दिव्याच्या प्रखर ज्योतीने काही मिनिटे तापवावयाचा आणि मग चक्र फिरवावयाचे. पुढे त्या ज्योतीचे काम विजेने तापणाऱ्या लहानशा कांडीकडे आले. महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगावी राहावयास आले ते साल १९३६. त्याच वर्षी बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझची ‘२६० डी’ ही डिझेलवर चालणारी प्रवासी मोटार लोकांपुढे आली. यंत्र सुरू करण्यापूर्वी कांडी लाल होईपर्यंत थांबणे, हा तिच्या चालकाचा नित्यविधी होता. महाराष्ट्रात हे यंत्र प्रथम रुळले ते शेतावरच्या विहिरीवर. १९४६ साली किर्लोस्करांनी पुण्याजवळ खडकी येथे तेलयंत्रांचा स्वतंत्र कारखाना उभारला, आणि ‘इंजिन’ हा शब्द मराठी शेतकऱ्याच्या तोंडी कायमचा बसला.

यंत्र तापविले म्हणून सर्व अडचण संपली असे मात्र नाही. खुद्द डिझेल तेलालाच थंडी बाधते. या तेलात मेणासारखी द्रव्ये विरघळलेली असतात. उष्णता उतरू लागली की प्रथम तेल गढूळ होते, मग मेणाचे कण गाळणीत अडकून तिचे तोंड बुजते आणि अखेरीस तेल वाहावयाचेच थांबते. ज्या तापमानापर्यंत तेल वाहते त्याला प्रवाहबिंदू म्हणावे. भारतीय मानकाप्रमाणे उन्हाळ्यातील डिझेलचा प्रवाहबिंदू १५ अंशांहून आणि हिवाळ्यातील डिझेलचा ३ अंशांहून अधिक असता कामा नये. आता वर्ध्याशेजारच्या नागपुराकडे पाहावे. तेथे १९३७ च्या जानेवारीत पारा ३.९ अंशांवर आला होता आणि २०१८ च्या डिसेंबरात तो ३.५ अंशांपर्यंत उतरला. विदर्भातील कडाक्याची थंडी आणि तेलाची मर्यादा यांत अर्ध्या अंशाचे अंतर उरले, परंतु उरले. मैदानातील माणसाला हे माप पुरेसे वाटावे यात नवल नाही.

जेथे ते पुरत नाही तेथे काय होते, हे १९४१ च्या हिवाळ्याने जगाला दाखविले. मॉस्कोसमोर पारा उणे ३० अंशांच्या आसपास घसरला तेव्हा जर्मन सैन्याची वाहने जागच्या जागी गोठली. ती बहुतेक पेट्रोलवर चालणारी होती. परंतु लोखंड व वंगण यांना थंडी इंधनाची जात विचारून लागत नाही. सैनिक यंत्रांखाली विस्तव पेटवीत, रात्रभर ती चालू ठेवीत आणि त्यात अमोल इंधन जाळीत. उलट, रशियाच्या ‘टी-३४’ रणगाड्याचे यंत्र डिझेलचे असूनही विजेने सुरू न झाल्यास दाबलेल्या हवेने फिरविण्याची सोय त्यात मुळापासून केलेली होती. ज्याने आपली थंडी ओळखून यंत्र घडविले त्याचे यंत्र चालले. उत्तर अमेरिकेतही हीच दृष्टी दिसते. नॉर्थ डकोटातील अँड्र्यू फ्रीमन याने यंत्राच्या लोखंडात बसवावयाच्या विजेच्या तापकाचे पेटंट १९४९ साली मिळविले. आणि पुढे कॅनडातील थंड शहरांत मोटार उभी करण्याच्या जागीच विजेची जोडणी ठेवण्याची रीत पडली. रात्री घोड्याला झूल घालावी तशी तेथे मोटारीला वीज जोडतात.

भारतात हा प्रश्न लडाखने सोसला. लेह शहर सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तेथे हवा समुद्रकिनाऱ्याच्या मानाने एकतृतीयांशाने विरळ. म्हणजे दट्ट्याला दाबावयास हवाच कमी मिळते. त्यातच द्रास, कारगिलकडे पारा उणे २० अंशांखाली जातो आणि कधी त्याहूनही पुष्कळ उतरतो. मैदानासाठी ठरविलेले तेल तेथे टाकीतच थिजते. मग चालक टाकीखाली शेगडी किंवा स्टोव्ह पेटवितो, तेलात रॉकेल मिसळतो, नाहीतर रात्रभर यंत्र चालूच ठेवतो. या तिन्ही उपायांची किंमत जबर आहे. इंधनाच्या टाकीखाली विस्तव ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ. रॉकेलने तेलाचा स्निग्धपणा कमी होऊन पंप झिजतो. आणि बंद जागेत चालू ठेवलेल्या यंत्राचा वायू झोपलेल्या माणसाचा जीव न कळत घेऊ शकतो. घाट बर्फाने अडलेला असताना आजाऱ्याला दवाखान्यात नेणारी गाडी सुरू होते की नाही, हा तेथे सोयीचा प्रश्न नसून जीवनमरणाचा असतो.

यावर खरा उपाय यंत्र तापविण्याचा नसून तेल बदलण्याचा होता. उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने सिद्ध केले, आणि १७ नोव्हेंबर २०१९ रोजी लडाखमधील सर्वसामान्य मोटारवाल्यांसाठी त्याची विक्री सुरू झाली. रुडॉल्फ डिझेलच्या यशस्वी कसोटीला तोवर १२२ वर्षे लोटली होती. हे तेल प्रथम तयार झाले ते पानिपतच्या कारखान्यात. हे नाव ऐकून मराठी मन क्षणभर थबकल्यावाचून राहत नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी तेथे लढलेल्या मराठी फौजेला शत्रूइतकेच भुकेने व उत्तरेच्या थंडीने गांजले होते. दक्षिणेचे माप घेऊन उत्तरेच्या हिवाळ्यात उतरलेल्या त्या माणसांना उबेची रसद पोहोचली नाही. आज त्याच भूमीवरून हिमालयाच्या माणसांकडे ती जाते.

हिंगणघाटच्या वाटेवरचा चालक आजही तिसऱ्या खेपेस किल्ली फिरवील आणि त्याचे यंत्र सुरू होईल. त्याच्या थंडीला ३ अंशांचे माप पुरते. परंतु एका प्रांताला पुरणारे माप सर्व देशाला पुरते असे समजले की त्याची भरपाई दुसऱ्या कोणाला तरी टाकीखाली विस्तव पेटवून करावी लागते, हे या शतकाहून जुन्या यंत्राच्या इतिहासाचे सार आहे.