रात्री कॉम्प्युटरला कोणी उठवलं?

घरच्यांना आठवत असेलच. सदाशिव पेठेत आमचा झोपवलेला कॉम्प्युटर मध्यरात्री आपोआप जागा व्हायचा. आईचा संशय थेट नातवावर! पोराने फुकट बोलणी खाल्ली.

१९९२ च्या एपीएममध्ये झोपण्या-उठण्याचा बराचसा कारभार बायॉसकडे असे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय आणलं, नि तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती आला. तरी 'कोणी उठवलं?' हे सरळ विचारायची सोय विंडोजमध्ये आली ती २००७ च्या व्हिस्टात: 'पॉवरसीएफजी'ला 'लास्टवेक' विचारायचं. (कधीकधी उत्तर 'माहीत नाही' असंच येतं, तो भाग वेगळा.)

आमच्याकडे मात्र नाव निघालं, नेटवर्क कार्ड. आईने नातवासाठी शिरा केला. चुकलं असं काही म्हणाली नाही.