बेबी डो प्रकरण

डाउन सिंड्रोम असलेल्या नवजात मुलावर शस्त्रक्रिया न करण्याच्या निर्णयावरून अमेरिकेत उभा राहिलेला वैद्यकीय नीतीचा आणि कायद्याचा वाद. न्यायालयीन कागदपत्रांत ‘बेबी डो’ असे टोपणनाव मिळालेल्या या मुलाचा जन्म ९ एप्रिल १९८२ रोजी इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन येथे झाला. १५ एप्रिलला ते दगावले.

एकविसाव्या गुणसूत्राच्या जादा प्रतीमुळे होणाऱ्या डाउन सिंड्रोमवर इलाज नाही. मात्र मुलाच्या जिवावर बेतले ते दुसऱ्याच दोषामुळे. त्याची अन्ननलिका वरून येऊन मध्येच बंद झाली होती आणि खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला होता. अशा बाळाला पाजलेले दूध पोटात उतरत नाही, शिवाय जठरातले आम्ल फुप्फुसांत शिरते. ही टोके जोडण्याची शस्त्रक्रिया १९४०च्या दशकापासून होत आली होती.

प्रसूतितज्ज्ञाने आईवडिलांपुढे शस्त्रक्रिया न करण्याचाही पर्याय ठेवला. बालरोगतज्ज्ञाचे मत मुलाला लगेच इंडियानापोलिसला हलवावे असे होते. आईवडिलांनी पहिला पर्याय घेतला. तोंडाने वा शिरेतून पोषण नाही, फक्त वेदना शमवणारी औषधे, असे ठरले. नवजात कक्षातल्या परिचारिकांनी हे करायला नकार दिला, तेव्हा मुलाला वेगळ्या खोलीत नेऊन खासगी परिचारिका नेमण्यात आल्या. प्रकरण न्यायालयात गेले. दोन वैद्यकीय मते असताना निवड आईवडिलांची, असा निर्णय न्या. जॉन बेकर यांनी दिला; राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. मुलाला दत्तक घ्यायला तयार असलेली कुटुंबे पुढे आली होती.

हाच दोष डाउन सिंड्रोम नसलेल्या बाळात असता, तर शस्त्रक्रिया करावी की नाही हा प्रश्न कोणी काढला असता असे वाटत नाही. नकाराच्या मुळाशी बौद्धिक अपंगत्वाचे भय होते, आणि अशा मुलाच्या आयुष्याबद्दलचा तो अंदाज त्या काळापुरता होता. अमेरिकेत १९८३च्या सुमारास डाउन सिंड्रोम असलेल्यांचे सरासरी आयुर्मान २५ वर्षे होते. आज ते ६०च्या घरात आहे. या मुलांना हृदयाच्या शस्त्रक्रिया नाकारणे थांबले, हे त्याचे एक मोठे कारण.

या प्रकरणानंतर रेगन सरकारने १९८३मध्ये रुग्णालयांत अशा नकाराविरुद्ध फलक लावण्याचा आणि तक्रारीसाठी दूरध्वनी ठेवण्याचा नियम काढला. मुख्य वैद्यकीय अधिकारी एव्हरेट कूप हे स्वतः नामवंत बालशल्यविशारद, त्यांचा यात पुढाकार होता. या धर्तीचे नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६मध्ये रद्द ठरवले. टिकली ती बाल-अत्याचार प्रतिबंधक कायद्यातली १९८४ची दुरुस्ती. बाळ कायमचे बेशुद्ध असेल, उपचाराने मरण फक्त लांबत असेल, किंवा उपचार जवळजवळ निष्फळ आणि क्रूर असेल, तरच तो न करण्याची मुभा तिने ठेवली. योग्य पोषण, पाणी आणि औषध मात्र द्यायलाच हवे.

अठराव्या गुणसूत्राच्या जादा प्रतीसारख्या (ट्रायसोमी १८) अधिक गंभीर विकारांत या कसोट्या अपुऱ्या पडतात. अशी बाळे जगतच नाहीत असे पाठ्यपुस्तकांत लिहिले जाई, त्यामुळे उपचार केले जात नसत, आणि उपचार नसल्यामुळे ती जगत नसत. कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशी १२.६ टक्के बाळे वर्षभर आणि ९.८ टक्के दहा वर्षे जगलेली आढळली. अशा विकारांत बहुधा आईवडील शस्त्रक्रिया मागतात आणि डॉक्टर कचरतात. कुठले रुग्णालय काय उत्तर देईल, यात अजूनही मोठी तफावत आहे.