चौदाचा पाना

आमच्या घरात पाना नव्हता. ज्या घरातला कर्ता माणूस छत्तीस वर्षे जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीच्या टूल रूममध्ये होता, त्या घराविषयी मी हे सांगतो आहे. एक हातोडी, एक पक्कड आणि दोन पेचकस एवढीच आमची हत्यारांची मिळकत. नळ गळू लागला की बाबा शेजारच्या शर्माजींकडे पाना मागायला जात आणि काम झाले की पुसून परत देत. शर्माजी हसत. "आप तो पानों के राजा हो," असे म्हणत. बाबाही हसत, पण पुढच्या वेळी पुन्हा मागायलाच जात.

याचे कारण मला बऱ्याच उशिरा कळले. कारखान्यात हत्यार घ्यायचे तर खिडकीवर आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यावा लागे. तो बिल्ला त्या हत्याराच्या रिकाम्या खुंटीवर लटके. संध्याकाळी हत्यार परत आले की बिल्ला परत. खुंटीवर रात्री बिल्ला राहिला तर ती त्या माणसाची नामुष्की. हजारो पाने हातातून जाणाऱ्या माणसाच्या घरी एखादा पाना दिसला, तर तो कुठून आला हे कोणी तोंडावर विचारणार नाही, मनात मात्र विचारील. म्हणून बाबांनी पानाच ठेवला नाही.

मग दोन वर्षांपूर्वी मी जोंगा घेतली आणि पानांचा प्रश्न घरात आला.

जोंगा म्हणजे काय, हे जबलपूरकराला सांगावे लागत नाही. नाव ऐकून ते एखाद्या आफ्रिकी प्राण्याचे वाटते, पण ती 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या लांबलचक नावातली अक्षरे आहेत. मुळात ही गाडी निस्सानची पेट्रोल, म्हणजे साठ क्रमांकाच्या मालिकेतली चारही चाकांवर चालणारी गस्ती गाडी. १९६५च्या सुमारास भारतीय लष्करासाठी तिचा परवाना मिळाला आणि १९६९मध्ये व्हेईकल फॅक्टरी उभी राहिल्यावर ती तिथे बनू लागली. १९९६च्या सुमारास डिझेल इंजिन बसवून ती सर्वसामान्यांना विकायचाही प्रयत्न झाला, पण १९९९पर्यंत उत्पादन थांबले. लष्कराने लिलावात काढलेल्या जोंगा मग शेतांत, खाणींवर, लाकडाच्या वखारींत गेल्या. माझी सिहोऱ्याकडच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे मिळाली. टपावर कडब्याच्या पेंढ्या होत्या, इंजिन जाम होते, पण ते मूळचेच होते. आधी कागद पाहिले: लिलावाची पावती, नोंदणीपुस्तक, चॅसिसवरचा नंबर. तो जुळला तेव्हाच पैसे दिले.

गाडी ट्रकवरून अंगणात उतरली तेव्हा बाबा पायरीवर बसले होते. काचबिंदूने त्यांची नजर बाजूंनी आत आत येत चालली आहे. समोरचे दिसते, कडेचे नाही. डॉक्टरांनी सांगितले आहे की गेलेले परत येणार नाही, उरलेले सांभाळायचे. ते उठले, बॉनेटवर हात फिरवत पुढून मागे गेले आणि म्हणाले, "इंजिनाला हात लावू नकोस. आधी हत्यारं जमव."

मला वाटले होते की ही आठवड्याभराची गोष्ट असेल. पाच महिने लागले. आणि त्या पाच महिन्यांत मला माझ्या शहराचा इतिहास पुस्तकांपेक्षा पानांच्या तोंडांवरून जास्त कळला.

पहिली फेरी गुरंदीच्या जुन्या बाजाराची. तिथे एका गोणपाटावर पानांचा ढीग होता. त्यात मला कोड्यात टाकणारा एक पाना मिळाला. त्यावर पाव इंच लिहिले होते, पण तोंड जवळजवळ अर्ध्या इंचाचे होते. मी तो घरी नेला. बाबांनी अंगठ्याने तोंड चाचपले आणि म्हणाले, "व्हिटवर्थ. गनकॅरेजच्या जमान्यातला."

जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने १८४१मध्ये स्क्रूच्या आट्यांचे पहिले सर्वमान्य प्रमाण मांडले. आट्याचा कोन ५५ अंश ठरला. त्याच्या पानावर लिहिलेला आकडा डोक्याचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. म्हणून पाव इंचाच्या पानाचे तोंड मोठे. १८७०च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेली जीआयपी रेल्वे आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे जबलपुरात एकमेकींना भेटल्या, आणि या आट्यांचे राज्य शहरात पोचले. १९०४मध्ये गन कॅरेज फॅक्टरी झाली तेव्हा तोफांचे गाडे याच मापाने जोडले जात. आमच्याकडचा पाना त्या काळाचा वारस आहे. तो जोंगाच्या एकाही बोल्टला बसत नाही. मी तो ठेवला आहे.

दुसऱ्या ढिगात अमेरिकी इंच होते: सात सोळांश, अर्धा, नऊ सोळांश. इथे आकडा डोक्याच्या दोन सपाट बाजूंमधल्या अंतराचा. आट्याचा कोन ६० अंश, फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने १८६४मध्ये सुचवलेला. दुसऱ्या महायुद्धात विलीज जीप आल्या आणि त्यांच्याबरोबर हे पानेही. ब्रिटिश नट अमेरिकी बोल्टावर चढत नाही, हे युद्धात फार महागात पडले. शेवटी १९४८मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकच आटा मान्य केला. तोपर्यंत आपण स्वतंत्र झालो होतो आणि आपल्या कारखान्यांत दोन्ही प्रकारचा माल भरलेला होता.

मग आला मिलिमीटर. १९५६ हे आमच्या घराण्याच्या दृष्टीने कठीण वर्ष. भोसल्यांनी १७९८मध्ये मिळवलेला आणि १८१७च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतलेला हा नर्मदेकाठचा मुलूख पुढे मध्य प्रांतात गेला, आणि नागपूर त्याची राजधानी झाले. आमच्यासारखी मराठी घरे नागपूर ते जबलपूर अशी बदलीच्या नोकऱ्यांत ये-जा करीत राहिली. राज्य एकच होते. १ नोव्हेंबर १९५६ला नकाशा बदलला. नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. राजधानी भोपाळला गेली, जबलपूरला हायकोर्ट मिळाले. आजोबा म्हणत, "आपण हललो नाही, रेघ हलली." त्याच वर्षाच्या डिसेंबरात वजनमापांचा कायदा मंजूर झाला आणि १९५८च्या ऑक्टोबरपासून दशमान पद्धती लागू होऊ लागली. शेर गेला, किलो आला. इंच गेला, असे कागदावर तरी झाले.

याच सुमारास जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक गन कॅरेज फॅक्टरीत बनू लागला. त्याच्यामागून जपानी गाड्या आल्या. जर्मन आणि जपानी दोघेही मिलिमीटरवाले, म्हणून सगळे सोपे झाले असेल असा माझा समज होता. बाबांनी तो एका संध्याकाळी मोडला.

"आठ मिलिमीटरचा बोल्ट," ते म्हणाले. "जर्मन डोकं तेराचं, जपानी बाराचं. दहाचा बोल्ट घे. जर्मन सतराचं, जपानी चौदाचं. शक्तिमानच्या माणसाच्या खिशात तेरा असायचा, जोंगावाल्याच्या खिशात चौदा. खिशावरून लाइन ओळखायची."

आटेही वेगळे. दहाच्या जपानी बोल्टचे आटे बहुधा सव्वा मिलिमीटर अंतराचे, जर्मन दीडचे. चुकीचा बोल्ट दोन फेरे आनंदाने आत जातो, तिसऱ्याला अडतो. तिथे जोर लावला की आतले आटे सोलून निघतात. म्हणून हत्यारांच्या यादीत पानाआधी बाबांनी आटे मोजायचा गेज लिहायला लावला. दातेरी पात्यांचा हा पंखा शंभर-दोनशे रुपयांत येतो आणि हजारोंचे नुकसान टाळतो.

पेचकसाचीही हीच कथा. चार पाखांचा जो पेचकस आपण सर्रास वापरतो, तो अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सच्या नावाचा. जपानी स्क्रूची खाच तशीच दिसते, पण किंचित निराळी असते. फिलिप्सचे टोक तिच्यात तळापर्यंत बसत नाही, घसरते आणि खाच खाते. बाबांनी नवाकोरा पेचकस ग्राइंडरवर धरून त्याचे टोक केसभर उडवायला सांगितले. मला जीव कासावीस झाला. नंतर तो स्क्रूमध्ये असा बसला की हात सोडला तरी पडेना.

आता यादी सांगतो, कारण असे काम घरी करू पाहणाऱ्याला ती उपयोगी पडेल. आठपासून बत्तीसपर्यंत रिंग पाने, त्यात दहा, बारा आणि चौदाचे दोन-दोन, कारण नट एका बाजूने धरावा लागतो. गोट्यांचा संच, शक्यतो सहा कोनी. बारा कोनी गोटी गंजलेले डोके गोल करते. टॉर्क रेंच. फीलर गेज. व्हाइस, ज्याला इथे सगळे बाँक म्हणतात. दोन टनी जॅक आणि चार स्टँड. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड न लावता कोणी जाणार नाही, हा घरचा कायदा. इंजिन उतरवायला चेनकुप्पी, ती भाड्याने. पाने नाशिकला बनलेले घेतले, नवे, पावतीसह. आणि रिकामे डबे. जबलपूरची खव्याची जिलबी प्रसिद्ध आहे. पाच महिने आम्ही ती जरा जास्तच खाल्ली. प्रत्येक डब्यावर कुठले नट-बोल्ट हे लिहायचे आणि सोडण्याआधी फोटो काढायचा. आपल्या लक्षात राहील असे वाटते, राहत नाही.

एक पाना मात्र बाकी होता. क्रँकच्या टोकाच्या मोठ्या नटाला लागणारी जाड गोटी कुठे मिळेना. शेवटी एका भंगाराच्या दुकानात मिळाली, उत्तम पोलादाची आणि स्वस्त. तिच्यावर सरकारी शिक्का होता. लिलावातून रीतसर आलेली असू शकते, दुकानदार तसेच म्हणाला. पावती मात्र नव्हती. मी ती घेऊन आलो आणि बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती फिरवली. अंगठा शिक्क्यावर थांबला.

"परत देऊन ये," ते म्हणाले.

"बाबा, लिलावाचीच असेल. आणि तुम्ही रिटायर होऊन इतकी वर्षं झाली. कोण विचारणार आहे?"

"मला कोणी कधीच विचारलं नाही," बाबा म्हणाले. "म्हणून तर."

मी परत दिली. पैसे परत मिळाले नाहीत. नवी गोटी मागवायला तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत मी चिडलेला होतो, हे कबूल करतो. त्यांची नजर दर महिन्याला आक्रसत असताना एका शिक्क्यापायी थांबायचे, हे मला पटत नव्हते.

त्या रिकाम्या दिवसांत मी गाडीच्या माहितीपुस्तकाच्या झेरॉक्स वाचत बसलो. सहा सिलिंडर, ३,९५६ सीसी. बोअर ८५.७ मिलिमीटर, स्ट्रोक ११४.३. हा आकडा मला खटकला. मिलिमीटरमध्ये विचार करणारा माणूस ११४.३ कशाला ठरवील? मी बाबांना वाचून दाखवले. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "साडेचार इंच."

तसेच आहे. निस्सानने १९३०च्या दशकात डेट्रॉइटच्या ग्रॅहम-पेज कंपनीकडून एका मोटारीचे आराखडे आणि यंत्रे विकत घेतली. त्यातून १९३७ची निस्सान ७० ही मोटार निघाली, सहा सिलिंडरची, साडेचार इंच स्ट्रोकची. पुढे बोअर वाढला, व्हॉल्व्ह बाजूचे डोक्यावर गेले, पण स्ट्रोक तोच राहिला. डेट्रॉइटचा इंच जपानमार्गे जबलपूरला आला आणि मिलिमीटरचे नाव लावून आमच्या अंगणात उभा होता. रेघ हलली, इंच हलला नाही. हे आजोबांना सांगता आले असते तर बरे झाले असते.

मधल्या काळात बाबांच्या सांगण्यावरून सहाही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल ओतून ठेवले होते. दर रविवारी थोडे आणखी. जाम इंजिनाला जोर लावायचा नसतो, वेळ द्यायचा असतो.

गोटी आली त्या दिवशी बाबांनी मला एक प्लायचा फळा रंगवायला लावला. प्रत्येक हत्यार फळ्यावर ठेवून पेन्सिलीने त्याची आकृती काढली आणि खुंट्या ठोकल्या. मग पितळी पत्र्याच्या गोल चकत्या कापून घेतल्या. एकीवर त्यांनी स्वतः, चाचपत, पंचने चार आकडे ठोकले. तो त्यांचा कारखान्यातला नंबर होता.

"हा तुझा," ते म्हणाले. "हत्यार घेतलंस की इथे लाव."

गोटी लावून मी क्रँकवर हळूहळू भार दिला. आधी काही नाही. मग बोटभर फिरला आणि थांबला. बाबा बंपरला हात टेकून उभे होते. त्यांना ते हातातून कळले. "आज एवढंच," ते म्हणाले.

संध्याकाळी मी गोटी आणि चौदाचा पाना पुसून जागेवर लावले. बाबा फळ्यासमोर आले आणि वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक खुंटी बोटाने मोजत गेले. एकाही खुंटीवर बिल्ला नव्हता. मग त्यांनी दिवा बंद केला.