श्रेय आणि अपश्रेय : मिशिगनच्या बचावाची प्रतवारी

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाची आक्रमणाची आणि बचावाची तुकडी वेगळी असते, आणि बचावाची आखणी बहुधा एका स्वतंत्र प्रशिक्षकाकडे सोपवलेली असते. त्याला आपण बचाव-समन्वयक म्हणू. सामन्यानंतर मुख्य प्रशिक्षकाइतकाच दोष त्याच्या माथी येतो. मात्र श्रेयाची वाटणी होते तेव्हा त्याचे नाव बरेचदा मागे राहते. मिशिगन विद्यापीठाच्या अशा समन्वयकांची प्रतवारी लावताना साहित्याच्या अभ्यासकाला परिचित असा एक प्रश्न उभा राहतो : अनेकांच्या हातून घडलेल्या कृतीचा कर्ता कोणाला मानायचे?

सर्वोत्तम म्हणून पहिले नाव सहसा जिम हरमन यांचे घेतले जाते. 1997 साली, समन्वयकपदाच्या पहिल्याच वर्षी, त्यांच्या बचावाने 12 सामन्यांत अवघे 114 गुण दिले. संघ अपराजित राहिला, आणि चार्ल्स वुडसन हा हाइसमन पुरस्कार मिळवणारा पहिला प्रामुख्याने बचावपटू ठरला. हे यश निर्विवाद आहे. पण त्यातले अनेक खेळाडू आधीच्या दोन वर्षांत ग्रेग मॅटिसन यांच्या हाताखाली घडले होते, ही गोष्ट मात्र आठवणीतून निसटते.

प्रतवारीच्या तळाशी ग्रेग रॉबिन्सन यांचे नाव जणू कायमचे कोरले गेले आहे. 2010 साली त्यांच्या बचावाने 13 सामन्यांत 458 गुण दिले. इलिनॉयविरुद्धचा सामना मिशिगनने 67-65 असा जिंकला. विजयात जिंकण्याजोगे फारसे काही उरले नव्हते. तथापि हेच रॉबिन्सन 1997 आणि 1998 च्या हंगामांत सुपर बोल जिंकणाऱ्या डेन्व्हरचे बचाव-समन्वयक होते. 1 जानेवारी 2005 रोजी टेक्ससने रोझ बोलमध्ये खुद्द मिशिगनला 38-37 असे हरवले, तेव्हा टेक्ससच्या बचावाची धुराही त्यांनी सहसमन्वयक म्हणून वाहिली होती. मिशिगनमध्ये त्यांच्या वाट्याला आली ती मुख्य प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ यांच्या पसंतीची रचना : पुढे तीन, मध्ये तीन, मागे पाच. शिवाय मागच्या फळीत नवख्यांचा भरणा होता. परक्या वृत्तात लिहायला लावून कवीला छंदोभंगाबद्दल दोषी धरावे, तशातला हा प्रकार.

येथे आमच्या युक्तिवादाविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा आम्हीच मांडला पाहिजे. 2011 साली मॅटिसन परतले आणि बऱ्याच अंशी त्याच खेळाडूंकडून त्यांनी 13 सामन्यांत केवळ 226 गुण दिले जातील असा बचाव उभा केला. म्हणजे दोष केवळ खेळाडूंच्या वकुबाचा नव्हता. शिकवण्याचा आणि रचनेचाही होता. रॉबिन्सन यांची त्यातून सुटका होत नाही. मात्र रचनेपुरता दोष ती निवडणाऱ्याच्या खात्यावर जमा झाला पाहिजे.

डॉन ब्राउन यांच्या बाबतीत सरासरीच फसवी ठरते. 2018 साली ओहायो स्टेटशी गाठ पडेपर्यंत त्यांचा बचाव यार्डांच्या हिशेबात देशात पहिला होता. त्या एका सामन्यात 62 गुण गेले, आणि पुढच्या वर्षी त्याच प्रतिस्पर्ध्याने 56 गुण केले. वेगवान आक्रमणासमोर त्यांची माणसामागे माणूस लावण्याची पद्धत उघडी पडली. 2021 साली माइक मॅकडॉनल्ड यांनी बचावाचा साचा बदलला आणि ओहायो स्टेटवर 42-27 असा विजय मिळाला. 2023 साली जेसी मिंटर यांच्या बचावाने 15 सामन्यांत 156 गुण देऊन राष्ट्रीय अजिंक्यपदाला हातभार लावला. मिंटर यांचे यश हरमन यांच्या तोडीचे आहे. आणि हरमन यांच्याप्रमाणेच त्यांनाही पूर्वसूरींनी घातलेला पाया लाभला होता.

म्हणून निष्पत्तीपेक्षा अंतर मोजावे, असे आमचे मत आहे : काय हाती आले, आणि काय मागे ठेवले. या निकषावर आम्ही पहिले स्थान मॅटिसन यांना देतो. समन्वयक म्हणून मिशिगनला त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले नाही, तरीही. शेवटचे स्थान 2010 च्या बचावाचे आहे. ते एकट्या रॉबिन्सन यांच्या नावावर लिहिणे आम्हाला मान्य नाही. 2022 च्या जानेवारीत ते निवर्तले. या नोंदीत त्यांच्या नावाशेजारी दुसरे नाव असायला हवे, एवढेच आमचे म्हणणे आहे.