एकच लहर की ज्याची त्याची?

जुन्या पेटीच्या पुढच्या फळीवर खुंट्यांची रांग असते. त्यातली एक कंपाची. ती ओढली की वाऱ्याच्या वाटेवर बसवलेली हलकी झडप फडफडू लागते आणि सूर थरथरतो. मी अमरावतीत भजनाला पेटी धरायचो तेव्हा आमच्याकडचे जाणते मास्तर ही खुंटी बंदच ठेवत. झडप एकच आणि वाराही एकच, त्यामुळे दाबलेले सगळे सूर एकाच क्षणी फुगत, एकाच क्षणी बसत. पुढे ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवू लागलो, तेव्हा सिंथेसायझरमधली ही भानगड मला आधीच कानानं ठाऊक होती.

हे का खटकतं, ते मोझरीला कळतं. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये उभारलेल्या गुरुकुंज आश्रमात खंजिरीवर भजन रंगलं, ओळीच्या शेवटी सूर लांबला, की प्रत्येकाचा गळा हलतो. पण ज्याचा त्याचा वेळ वेगळा. एकाचा सूर वर चाललेला असतो तेव्हा शेजारच्याचा उतरत असतो. ऐकणाऱ्याला तिथं पुष्कळ माणसं गाताहेत असं वाटतं, ते या वेगळेपणामुळे.

सिंथेसायझरमध्ये झडपेचं काम एलएफओ (लो फ्रीक्वेन्सी ऑसिलेटर) करतो. सूर निर्माण करणारा भाग म्हणजे ऑसिलेटर; हाही तसाच एक, पण इतका संथ की त्याचा स्वतःचा सूर ऐकू येत नाही. सेकंदाला पाच-सहा हेलकावे दिले की गळ्यासारखा कंप होतो. कित्येक सेकंदांत एक दिला, तर आवाज हळूहळू उजळतो आणि मंदावतो. पट्टी दाबली त्या क्षणी हेलकावा कुठं होता, वर, खाली की मधे, ती त्याची फेज. सूर एकच असेल तर तिचा फारसा त्रास नाही. १९५४ च्या ‘नागिन’मधली बीन कल्याणजींनी क्लॅव्हिओलाइनवर वाजवली. ते वाद्य एका वेळी एकच सूर काढणारं. त्या बिनेच्या नादानं वऱ्हाडातल्या वरातींत पुढे कितीतरी पोट्टे जमिनीवर लोळले. फेजचा प्रश्न कुणाला पडायचं कारणच नव्हतं.

प्रश्न सुरू झाला तो अनेक सूर एकत्र वाजवणारी यंत्रं आल्यावर. १९७८ चा प्रॉफेट-५ पाच सुरांचा, १९८१ चा ज्युपिटर-८ आठ सुरांचा. ऑसिलेटर आणि आवाज उजळ-मंद करणारा फिल्टर प्रत्येक सुराला वेगळे, पण एलएफओ सगळ्यांत मिळून एक. म्हणजे पुन्हा पेटीची झडपच! मुंबईच्या चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये याच ज्युपिटरवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून तबकडी काढली. रागाची चाल एकेरी सुरांची, त्यामुळे तिथं सामायिक एलएफओ खुपत नाही.

१९८३ च्या यामाहा डीएक्स-७ मध्ये सोळा सूर एकत्र वाजत, तरी एलएफओ एकच. त्यात ‘की सिंक’ नावाची सोय होती. ती चालू केली की पट्टी दाबताच हेलकावा पहिल्यापासून सुरू. एकेरी सुराला हे छान, दर वेळी कंप एकाच जागेहून निघतो. पण डाव्या हाताचा कॉर्ड धरून उजव्या हातानं चाल वाजवली, की प्रत्येक नव्या सुराबरोबर कॉर्डचा हेलकावाही मधेच तुटून पहिल्यापासून सुरू होतो. अकोल्यात एका कार्यक्रमाआधी आवाज तपासताना आमचे ढोलकीवाले काका म्हणाले, “काऊन गा, सारेच सूर एकदम हालून राह्यले? भजन आहे की भूत आलं?” त्यांनी सिंथेसायझरला कधी हातही लावलेला नव्हता.

नव्वदीनंतर आमच्याकडे नागपूर-मुंबईहून रोलँडच्या एक्सपी मालिकेचे कीबोर्ड येऊ लागले, बरेचसे कुणीतरी वापरून विकलेले. त्यात एक आवाज चार टोनपर्यंत मिळून बनतो आणि प्रत्येक टोनला दोन एलएफओ. ‘की ट्रिगर’ चालू केला की नवा सूर आपला हेलकावा स्वतः सुरू करतो; आधी धरलेल्या सुरांचा चालू हेलकावा मोडत नाही. सूर मागेपुढे दाबले, की त्यांच्या फेजही आपोआप मागेपुढे. गणपतीत आरतीमागे कोरसचा आवाज लावला, तेव्हा तो पहिल्यांदा माणसांसारखा वाटला.

कुठल्याही यंत्राची तपासणी सोपी आहे. एलएफओ अगदी संथ करा, तो फिल्टरला जोडा. खालचा सा धरा, थोडं थांबून वरचा दाबा. दोन्ही एकदम उजळले तर एलएफओ सामायिक. दुसरा दाबल्यावर पहिला दचकला तर सामायिक आणि वर सिंक चालू. दोघं आपापल्या चालीनं गेले तर प्रत्येकाचा वेगळा.

आता लॅपटॉपवरच्या सिंथेसायझरमध्ये बऱ्याचदा दोन्ही पर्याय असतात. नवी पोरं डोळे झाकून ‘पॉली’, म्हणजे प्रत्येक सुराला वेगळा एलएफओ, निवडतात, कारण तो नवा. मी त्यांना गाणं कुठलं ते आधी विचारतो. भजन, आरती, कोरस असेल तर ज्याची त्याची लहर हवीच. पण ऐंशीच्या दशकातलं सिनेगीत असेल, ज्यात मागचे सूर एकाच यंत्रावर धरलेले, तर तिथं सगळ्यांना मिळून एकच एलएफओ ठेवायचा. लोकांनी ते गाणं कॅसेटवर तसंच हलताना ऐकलं आहे, आणि पेटीवर जो दोष होता तोच त्या गाण्याची ओळख होऊन बसला आहे.