बोली आणि मौन : लिलावातील प्रतिस्पर्ध्यांच्या शिष्टाचाराविषयी

'लिलाव' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. 'बोली' मात्र आपल्या घरची. लिलावात किंमत सांगण्याला आपण बोली म्हणतो, म्हणजे ती चारचौघांत, तोंडाने उच्चारायची गोष्ट आहे हे त्या शब्दातच गृहीत आहे. आंतरजालावरच्या लिलावात हे बोलणेच उरलेले नाही. पडद्यावर एक आकडा उमटतो, एवढेच. तरीही नाणी, टपालतिकिटे, जुनी पुस्तके जमवणाऱ्या मंडळींत एक तक्रार गेली पंचवीस वर्षे ऐकू येते : अमक्याने अगदी शेवटच्या क्षणी बोली लावून वस्तू पळवली, हे सभ्यपणाचे नव्हे. हा सभ्यपणा म्हणजे नेमके काय, आणि तो कोणाच्या खर्चाने पाळला जातो, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. त्यासाठी संगणकाच्या बरेच मागे जावे लागते.

संग्राहकांच्या शिष्टाचाराची आदर्श कथा म्हणून जी सांगितली जाते ती लंडनची. रॉक्सबर्गचे तिसरे ड्यूक जॉन कर १८०४ मध्ये वारले. त्यांचा ग्रंथसंग्रह १८१२ च्या मे महिन्यात त्यांच्याच सेंट जेम्स स्क्वेअरमधल्या घरी लिलावात निघाला आणि विक्री चाळीसहून अधिक दिवस चालली. १७ जूनला बोकाचोच्या 'डेकॅमेरॉन'ची प्रत पुढे आली : व्हेनिस, १४७१, मुद्रक वाल्डार्फर. या आवृत्तीची दुसरी संपूर्ण प्रत तेव्हा कोणाला ठाऊक नव्हती. इतर बोलीदार गळाले आणि अखेर दोघे उरले, अर्ल स्पेन्सर आणि ब्लँडफर्डचे मार्क्विस. स्पेन्सर २,२५० पौंडांवर पोहोचले. ब्लँडफर्ड यांनी त्यावर फक्त दहा वाढवले. २,२६० पौंडांना हातोडा पडला. छापील पुस्तकाला तोवर इतकी किंमत कधी आली नव्हती, आणि हा विक्रम अनेक दशके टिकला.

या प्रसंगाचे वर्णन टॉमस डिबडिन या ग्रंथवेड्या पाद्र्याने करून ठेवले आहे. डिबडिनची शैली इतकी फुगीर की त्याच्या मजकुरातून चौथा हिस्सा वजा करूनच पुढे जावे. पण मुद्द्याची गोष्ट अशी की हातोडा पडल्यावर दोघा प्रतिस्पर्ध्यांनी स्नेह कायम असल्याची एकमेकांना ग्वाही दिली आणि आभारही मानले. त्याच संध्याकाळी काही ग्रंथसंग्राहक भोजनाला जमले आणि त्यातून रॉक्सबर्ग क्लब जन्माला आला, जो आजही चालू आहे. त्या भोजनाच्या अध्यक्षस्थानी होते दुपारी हरलेले स्पेन्सर. ब्लँडफर्ड क्लबच्या आरंभीच्या सदस्यांपैकी एक. हरलेल्याने जिंकणाऱ्याच्या पंक्तीला बसावे, ही रीत तिथे नियम होऊन बसली.

या कथेत ज्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही तो म्हणजे विक्रेता. दोघा उमरावांपैकी एकाने स्नेहाखातर पहिल्याच बोलीला माघार घेतली असती, तर वारसांच्या पदरात किती पडले असते? दोघे उघडपणे, निकराने लढले, म्हणूनच वारसांना न्याय मिळाला. त्यांचा शिष्टाचार लढाई संपल्यावर सुरू झाला; लढाईच्या आधी नव्हे. आमच्या मते सारा भेद इथेच आहे.

कारण लढाईच्या आधी सुरू होणाऱ्या शिष्टाचाराचाही इतिहास आहे आणि तो तितकासा सुंदर नाही. इंग्लंडमधल्या पुस्तकविक्रेत्यांत त्याला 'रिंग' म्हणत. व्यापारी आधी ठरवून लिलावात एकमेकांविरुद्ध बोलत नसत. त्यांच्यातला एकजण माल स्वस्तात उचले. मग बंद खोलीत तोच माल आपसांत पुन्हा लिलावाला लागे आणि वरचा फरक सगळे वाटून घेत. १९१९ मध्ये सरे परगण्यातल्या रक्सली लॉज या घरातल्या ग्रंथालयाची विक्री अशाच रिंगेने गिळली. पुढे १९२७ मध्ये तिथे कायदा झाला आणि बोली न लावण्यासाठी व्यापाऱ्याने कोणाला मोबदला देणे हा गुन्हा ठरला. लक्षात घ्यावे, कायद्याचा रोख व्यापाऱ्यावर होता. दोन हौशी संग्राहकांनी चहाच्या पेल्यावर 'हे तुम्ही घ्या, ते आम्ही घेतो' असे ठरवले तर त्याला गुन्हा म्हणावे की सौजन्य, हे त्या कायद्याने सांगितले नाही.

आता शेवटच्या क्षणाची गोष्ट. तीही नवी नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये इंचभर मेणबत्ती पेटवून लिलाव करीत. ज्योत विझण्यापूर्वीची अखेरची बोली खरी. सॅम्युअल पेप्सने १६६२ मध्ये जुन्या जहाजांच्या अशा एका विक्रीत पाहिलेला चतुर माणूस रोजनिशीत नोंदवला आहे. ज्योत विझण्याच्या किंचित आधी धूर खाली वळतो, हे त्याने हेरले होते आणि त्या खुणेवर तो बोली टाकी. पेप्सच्या नोंदीत कौतुक आहे, निषेध नाही.

'ईबे' १९९५ मध्ये सुरू झाले तेव्हा त्याने मेणबत्तीच्या जागी घड्याळ ठेवले. खरे तर त्याच्या पद्धतीत घाईला कारण नव्हते. आपण कमाल रक्कम सांगून ठेवायची. यंत्रणा आपल्या वतीने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एक पायरी वर जाते, त्याहून अधिक नाही. ही युक्तीही संग्राहकांचीच. अमेरिकेतल्या टपालतिकिटांच्या टपाली लिलावांत ती १८९० च्या दशकापासून वापरात होती. मग लोक अखेरच्या सेकंदापर्यंत का थांबतात? आल्व्हिन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. उशिरा बोली आली की मुदत वाढवणाऱ्या 'अॅमेझॉन'च्या लिलावांत हा प्रकार कमी होता. आणि ईबेवरही संगणकांपेक्षा पुराणवस्तूंच्या विक्रीत तो अधिक होता.

हे दुसरे निरीक्षण आम्हांला फार बोलके वाटते. संगणकाची किंमत कोणालाही ठाऊक असते. जुनी वस्तू खरी की नकली, दुर्मिळ की सामान्य, हे जाणणारे थोडे. अशा जाणकाराने आठवडाभर आधी बोली लावली की इतरांना फुकट दाखला मिळतो : अमका बोलतो आहे, म्हणजे वस्तूत काही आहे. त्याचे मौन म्हणजे कष्टाने मिळवलेल्या ज्ञानाची राखण. तिला असभ्यपणा म्हणणे आम्हांला पटत नाही. घड्याळ सर्वांना सारखेच दिसते. शिवाय शेवटच्या सेकंदाला का होईना, तो आपली किंमत मोजायला तयार असतो. विक्रेत्याला तेवढी मिळते.

तक्रारीमागचे दुखणे वेगळे असावे. आरंभीच्या काळात ईबेवर बोलीदारांची सदस्यनामे सर्वांना दिसत. एकाच छंदातली माणसे एकमेकांना त्या नावांनी ओळखत आणि 'हा आपला, याच्यावर बोलायचे नाही' अशी समज तयार होई. पुढे हरलेल्या बोलीदारांना गाठून बनावट देकार पाठवणारे भामटे निघाले, म्हणून २००७ च्या सुमारास ही नावे झाकली जाऊ लागली; दोन अक्षरे आणि मध्ये तारे. सौजन्याला चेहरा लागतो, तोच गेला. ज्यांना याची हळहळ वाटते त्यांच्याविषयी आम्हांला सहानुभूती आहे. पण मित्रासाठी सोडलेल्या त्या प्रत्येक बोलीची किंमत कोणीतरी मोजत होते. बहुधा ती मोजणारी एखाद्या दिवंगत संग्राहकाची पत्नी किंवा मुले असत, ज्यांना घरातल्या पेटीत काय आहे हेही नीट ठाऊक नसे.

नाव झाकणे नेहमी भामट्यांसाठीच असते असेही नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने रघूजी भोसले यांची तलवार सदबीजच्या लिलावातून मिळवली ती मध्यस्थामार्फत. समोर शासन आहे हे कळल्यावर एखादा खाजगी संग्राहक आदराने मागे सरेल की भाव चढवील, हे आधी कोण सांगणार? असो.

रॉक्सबर्ग लिलावाचा एक उत्तरार्ध आहे. ब्लँडफर्ड पुढे मार्लबरोचे ड्यूक झाले आणि कर्जात बुडाले. १८१९ मध्ये त्यांचा संग्रह विकावा लागला. यावेळी विक्रेत्याच्या जागी ते स्वतः होते. सात वर्षांपूर्वी ज्या बोकाचोसाठी स्पेन्सर २,२५० पौंड द्यायला तयार होते, तो लाँगमन या पुस्तकविक्रेत्यांनी ९१८ पौंडांना उचलला आणि यथावकाश तो स्पेन्सर यांच्याच कपाटात गेला. १८९२ मध्ये स्पेन्सर घराण्याचा संग्रह एन्रिकेटा रायलंड्स यांनी विकत घेतला. ती प्रत आज मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे.